दांडीवरचा पापड

आषाढातला पहिला रविवार, सन १९७८. वेळ सकाळी साडेनऊ. जागा: शाळेची तिसरीची खोली, कारण शारदा मंडळाच्या खोलीची कौले फुटून आत पाणी गळत होते.

हजर: मंडळाचे अध्यक्ष (किराणा दुकान). सुतार. मी (शाळेत शिक्षिका, मंडळात सामान, कपडे आणि याद्या). राइस मिलचा एक हमाल, तेव्हा कामावर नसलेला. त्याचा साळा (बायकोचा भाऊ), फौजेतून परत आलेला, राहणार नाकाडोंगरी. याला कोणी बोलावले नव्हते.

गैरहजर: बाकीचे सगळे. धानाची रोवणी लागली होती.

ही नोंद माझ्या वहीतून जशीच्या तशी उतरवली आहे. मला याद्यांची सवय आहे. बाजाराची यादी, परीक्षेला बसलेल्या मुलांची यादी, उन्हाळ्यात गच्चीवर वाळत घातलेल्या वस्तूंची यादी. लोक हसतात. पण मंडळाची सतरंजी कोणाच्या घरी आहे हे विचारायला शेवटी माझ्याकडेच येतात. आणि खरे सांगायचे तर यादी करणारी व्यक्ती मनातून कोणावरच विश्वास ठेवत नाही. ठेवत असती तर लिहून कशाला ठेवले असते?

त्या दिवशीचा विषय होता नवरात्रातला सजीव देखावा. आमच्या गावाला जुने तळे आहे. एका वर्षी त्याची पाळ, म्हणजे मातीचा बांध, फुटायला आली तेव्हा एका गड्याने मोठी शिळा डोक्यावर उचलली आणि मागून माती पडेपर्यंत तशीच धरून ठेवली, मग ती फटीत बसवली, अशी गोष्ट गावात सांगतात. तोच देखावा करायचे ठरत होते. पडदा उघडणार, शिळा डोक्यावर धरलेला माणूस दिसणार, मागून एक जण गोष्ट वाचणार, पडदा पडणार. शिळा अर्थातच खोटी. बांबूच्या कामट्या, गोणपाट, वरून माती. तरी तिचे वजन साडेचार किलो भरले. अध्यक्षांच्या दुकानातल्या तराजूवर मी स्वतः केले होते.

"धरणार कोण?" अध्यक्षांनी विचारले.

"मी धरतो," हमाल म्हणाला.

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिले. चैत्रात मिलमध्ये पोते उचलताना याचा उजवा खांदा निखळला होता. हाड बसवणाऱ्याने तो जागेवर बसवला, पण हात डोक्याच्या वर जाईना. महिनाभराने तो मिलवर गेला, एक पोते उचलले आणि अर्ध्यावर खाली टाकले. तेव्हापासून मुकादमाने त्याला उभे केले नव्हते. हमालांच्या टोळीतले लोक त्याला कामचोर म्हणत. खांद्याला सूज नाही, जखम नाही, मग दुखते कुठे, असा त्यांचा सवाल होता. माझाही होता, फक्त मी तो बोलून दाखवला नव्हता.

"तुह्या हातानं लोटा उचलत नाई, गोटा कायले उचलतं?" सुतार म्हणाला.

"दसऱ्यापर्यंत उचलीन."

"काहून, दसऱ्याले का आहे?"

त्याने सांगितले ते असे. दसऱ्याला मुकादम नव्या हंगामाची टोळी ठरवतो. दिवाळीनंतर नवे धान मिलवर येऊ लागले की पोत्यांची थप्पी आढ्यापर्यंत जाते. वरच्या थरासाठी एक जण फळीवर पोते घेऊन उभा राहतो, आणि वरचे दोघे जागा करून हात देईपर्यंत त्याला तसेच उभे राहावे लागते. हीच त्याची जागा होती. मुकादमाने त्याला तोंडावर सांगितले होते, "वरच्या फळीवरच्या माणसाचा हात थरथरला तं खालचा माणूस जाते. मंग मी कोनाच्या बायकोले का सांगू? तू हलत नाई हे मले दिसलं पायजे." पण मिलच्या फळीवर पुन्हा चढून दाखवायलाही मुकादम त्याला परवानगी देत नव्हता. शारदेच्या दर्शनाला मात्र तो दरवर्षी येत असे. त्याच्यासमोर, सगळ्या गावासमोर, न हलता शिळा धरायची, एवढाच याचा विचार होता. टोळीत नाव आले नाही तर दिवाळीनंतर घर बंद करून कुठेतरी मजुरीला जावे लागणार होते.

"आणि दसऱ्यापर्यंत हात कसा बरा होणार?" मी विचारले.

आतापर्यंत गप्प बसलेला फौजी म्हणाला, "मैं कराऊंगा, बाई. हिलनेका नही, बस पकडनेका."

मी वहीत लिहिले: "साळा. उपाय सांगतो, हलायचे नाही. विश्वास नाही." ही ओळ अजून तशीच आहे.

मंडळाने त्याला होकार दिला, कारण रोवणीच्या दिवसांत दुसरे कोणी मोकळे नव्हते. पण मी एक अट घातली: शिळेच्या मागे आधाराची आडवी दांडी लावायची. पुढे मुले बसतात. साडेचार किलो असले तरी ते डोक्यावर पडायला नको.

"दांडी लावली तं मी उभा नाई राहत," हमाल म्हणाला. "लोक म्हनतीन दांडीवर टेकवलं होतं."

"बरं, नाही लावत," मी म्हणाले.

हे मी म्हणाले हेही वहीत आहे.

फौजीचा व्यायाम मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला ती फसवणूकच वाटली. व्यायाम म्हटला की माझ्या डोळ्यांसमोर दंड, बैठका, जोर, घाम, मोजणी येते. इथे हमाल दाराच्या चौकटीत उभा होता. कोपर कमरेला चिकटवलेले, हात काटकोनात, आणि मनगटाची मागची बाजू चौकटीवर दाबलेली. चौकट हलत नव्हती, हात हलत नव्हता, माणूस हलत नव्हता. फक्त तो हळू आवाजात आकडे मोजत होता.

"आकडे कशाला?" मी विचारले.

फौजी म्हणाला, "सांस रोकेगा तो माथा चकरायेगा. गिनती करेगा तो सांस चलेगी." त्याला स्वतःला फौजेत असताना खांद्याची दुखापत झाली होती. मिलिटरीच्या दवाखान्यात त्याला हेच करायला लावले होते. हात हलवला की दुखतो म्हणून हलवायचा नाही. पण स्नायूला काम तर द्यायचे. मग त्याला अशा वस्तूशी भिडवायचे जी हटत नाही. भिंत, चौकट, खांब. आधी अर्ध्या जोराने. दुखले की थांबायचे, ओढून न्यायचे नाही.

चौकट झाली की दुपट्टा. दोन्ही हातांत दुपट्ट्याची टोके धरून ताणायचा आणि तसाच ताणलेला ठेवायचा. मग भिंत. भिंतीवर फौजीने गेरूने तीन खुणा केल्या होत्या: एक कमरेच्या उंचीला, एक छातीच्या, एक डोक्याच्या वर. प्रत्येक खुणेवर तळहात टेकून दाबायचे. तीन कशाला, एक का नाही, हे मी विचारले, कारण त्यातही मला काहीतरी वेळकाढूपणा वाटत होता. तो म्हणाला, जिथे धराल तिथेच ताकद येते. कमरेजवळ कितीही दाबले तरी डोक्याच्या वरची ताकद त्यातून आपोआप येत नाही. म्हणून खूण वर वर सरकवायची.

हे मला पटले. पटले म्हणूनच संशय वाढला. खोटे बोलणारा माणूस नेहमी पटेल असेच बोलतो.

वेळ मोजायला त्यांच्याकडे घड्याळ नव्हते. त्यांच्या घरात देवासमोर उदबत्ती लागत असे, तीच मोजमाप. उदबत्तीवर बोटाच्या रुंदीने शाईच्या खुणा करायच्या. पहिल्या आठवड्यात अर्धे बोट जळेपर्यंत धरणे. मग पाऊण. मग एक. देखाव्यासाठी दोन बोटे लागणार होती. गोष्ट वाचायला माझ्या घड्याळाने सहा मिनिटे लागत होती आणि आमच्या शाळेतल्या उदबत्तीची दोन बोटे जळायला तेवढाच वेळ लागतो हे मी पडताळून पाहिले होते.

श्रावणात हमाल मला शाळेच्या फाटकावर भेटला आणि म्हणाला, "बाई, दोन बोटं झाली. डोस्क्याच्या वरच्या खुणंवर."

मी म्हणाले, "चांगलं आहे." आणि मनात म्हणाले, एवढ्या लवकर? अर्धे बोट ते दोन बोटे, सहा आठवड्यांत, निखळलेला खांदा? उदबत्तीचे टोक मोडून ठेवणे काही कठीण नाही. खुणा जवळ जवळ करणेही नाही. त्याच संध्याकाळी शाळा सुटल्यावर घड्याळ मनगटावर बांधून मी त्याच्या घरी गेले. जाण्याआधी सांगितले नाही.

त्याची बायको रोवणीवरून नुकतीच आली होती. पोटऱ्यांवर चिखल वाळला होता, आणि ती अंगणात पाय धूत होती. मला पाहून तिने ओळखले मी कशाला आले ते.

"या बाई. तपासनी का?"

"सहज आले."

"सहज कोनी घडी बांधून येते का?" ती हसली. मग आत पाहून मोठ्याने म्हणाली, "अहो, इन्स्पेक्टर आल्या. उभे व्हा."

तो भिंतीजवळ गेला. फौजी त्या दिवशी नाकाडोंगरीला गेला होता, म्हणजे शिकवणाराही हजर नव्हता. मी उदबत्ती स्वतः हातात घेतली. टोक मोडलेले नव्हते. खुणा माझ्या बोटाने मोजल्या, बरोबर होत्या. उदबत्ती पेटवली. पेटायलाच तीन काड्या लागल्या. त्याने वरच्या खुणेवर तळहात ठेवला, दाब दिला आणि मोजायला लागला.

मी घड्याळाकडे पाहत होते. सहा मिनिटे झाली. उदबत्ती सव्वा बोटच जळली होती. सात झाली. त्याच्या कपाळावर घाम आला, पण तळहात तिथेच. आठ. नऊला थोडी कमी असताना दुसऱ्या खुणेपाशी राख पडली.

आधी मला वाटले घड्याळ चुकले. मग लक्षात आले. पावसाची घरातली ओल. उदबत्ती दमट झाली होती, धुमसत होती, जळत नव्हती. शाळेतल्या कपाटातली उदबत्ती कोरडी, यांची ओली. हे लोक सहा मिनिटे समजून नऊ मिनिटे धरून होते. टोक मोडून फसवतात अशा समजुतीने मी गेले होते. फसवत होती उदबत्ती, आणि तीही त्यालाच.

मी हे त्याला सांगितले. तो नुसता म्हणाला, "म्हनूनच मी म्हनतो, येवढं काहून दुखून राहिलं."

बायको म्हणाली, "आमी सकाळपासून सांजपर्यंत कमरेत वाकून रायतो, एक हात चिखलात, एक हात पेंडीवर. कमर तिथंच धरून रायते. आमाले कोनी उदबत्ती लावत नाई." आणि आत निघून गेली. त्या वाक्यावर मी नंतर बराच विचार केला. रोवणाऱ्या बायांची कंबर हा हलता व्यायाम नाही. ते धरून राहणेच आहे. ते मी लहानपणापासून एकोडीला, माहेरच्या धानाच्या बांध्यांमध्ये पाहत आले होते आणि त्याला ताकद असे नाव मी कधी दिले नव्हते.

एवढे डोळ्यांनी पाहूनही मी दांडीचा विचार सोडला नाही. हे मला आज लिहायला अवघड जाते, पण यादीत जे आहे ते आहे. भिंत दाबणे वेगळे आणि साडेचार किलो डोक्यावर धरणे वेगळे. भिंत खाली पडत नाही. पुढे मुले बसतात. शिवाय माणूस घरात एक करतो आणि गर्दीसमोर दुसरे. मी सुताराला बाजूला घेतले.

"पडद्याच्या मागं एक दांडी बांध. दोन खांबांना. शिळेच्या मागच्या काठाच्या दोन बोटं खाली. काळ्या कापडात गुंडाळ."

"बाई, तुमी तं नाई म्हनलं होतं त्याले."

"त्याच्या कामी आली तर त्याच्याच भल्यासाठी येईल. नाही आली तर त्याला कळणारही नाही."

सुताराने मान हलवली आणि दांडी बांधली. शिळा दोन बोटे खाली आली की दांडीवर टेकणार होती. तोपर्यंत मध्ये मोकळी जागा. हमालाचे तोंड समोर, दांडी पाठीमागे वर, मागच्या काळ्या पडद्यासमोर काळे कापड. त्याला दिसणे शक्य नव्हते.

इथवर सावधगिरी म्हणता येईल. पुढचे म्हणता येत नाही. देखावा नवरात्रातल्या षष्ठी ते अष्टमी अशा तीन संध्याकाळी होता. पहिल्या संध्याकाळी पडदा उघडण्याआधी मी घरून तांदळाचा पापड भाजून आणला आणि तो दांडीवर ठेवला. एकोडीचे तांदळाचे पापड भाजल्यावर इतके ठिसूळ होतात की बोट टेकले तरी तडा जातो. शिळा टेकली तर पापड फुटणार. नाही टेकली तर अख्खा राहणार. हे फक्त मला आणि सुताराला माहीत होते. सुतार म्हणाला, "बाई, तुमी पोलिसात पायजे होत्या." मला त्या वेळी ते कौतुक वाटले.

पहिली संध्याकाळ, आरतीनंतर, सात वाजता. उदबत्ती शाळेतली, कोरडी. पडदा उघडला. हमाल गुडघाभर धोतर आणि चिखल लावलेल्या अंगाने उभा, दोन्ही हात वर, कोपर किंचित वाकलेले, डोक्यावर शिळा. अध्यक्षांनी गोष्ट वाचायला घेतली. पुढच्या रांगेत एका पोराने "अरे, हा पुतळा आहे का माणूस?" म्हटले आणि त्याच्या आईने त्याला चापट मारली. मी बाजूला उभी राहून त्याच्या ओठांकडे पाहत होते. ते हलत होते. तो मोजत होता. सहा मिनिटे. पडदा पडला.

मी मागे गेले. पापड अख्खा.

दुसरी संध्याकाळ. पाऊस भुरभुरत होता, मंडपावर थेंब वाजत होते. पापड सादळू नये म्हणून मी तो अगदी शेवटच्या क्षणी डब्यातून काढून ठेवला. पडदा पडल्यावर पाहिले. अख्खा.

तिसऱ्या संध्याकाळी मुकादम आला. पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा, सोबत टोळीतले चार लोक. तो पहिल्या रांगेच्या शेजारी उभा राहिला. खुर्ची दिली तरी बसला नाही. पडदा उघडल्यावर त्याने शिळेकडे पाहिलेच नाही. तो त्याच्या हातांकडे पाहत होता, मनगटापासून खांद्यापर्यंत, वर-खाली. माल पाहणारा माणूस जसा पाहतो तसा. अध्यक्ष त्या दिवशी जरा जास्तच रंगात आले आणि त्यांनी गोष्टीत दोन वाक्ये पदरची घातली. घड्याळात सात मिनिटे झाली. हमालाच्या मानेची शीर ताठ झाली होती, पण हात जिथे होता तिथेच होता. थरथर मलाही दिसली नाही, आणि मी ती शोधत होते.

पडदा पडला. मी पटकन मागे जाऊन पापड उचलला. अख्खा. तो मी रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवला. तेवढ्यात हमालाने शिळा खाली ठेवली, आणि बाजूने कापड सारून मुकादम आत आला. मागोमाग अध्यक्ष आले.

मुकादम त्याच्याजवळ गेला, त्याच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला आणि दाबून पाहिला. "दुखते?"

"नाई."

"हात वर कर." त्याने केला. मुकादमाने मान हलवली. मला वाटले आता बोलणार. तो वळला आणि वळताना त्याची नजर वर गेली. पापड काढताना माझ्या हाताने काळे कापड सरकले होते. पिवळा बांबू हातभर उघडा पडला होता.

"हे का आहे?"

मुकादमाने हात वर करून दांडी हलवून पाहिली. पक्की बांधलेली. मग शिळेकडे पाहिले, दांडीकडे पाहिले, उंची मनात जुळवली.

"असं आहे तं," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "मी म्हनलं, गडी सुधरला. तुमी तं टेका देऊन उभा केला."

हमाल दांडीकडे पाहत होता. त्यालाही ती पहिल्यांदाच दिसत होती. "मामा, मले माहीत नोतं. देवीची आन. मी टेकवलं नाई. आता पुन्हा धरून दाखवतो, इथंच."

"झालं ना पाहून."

"मामा, मिनिटभर..."

"झूठ बोलनाऱ्याले मी फळीवर नाई चढवत. हात थरथरला तं येक डाव चालते." एवढे बोलून तो देवीला हात जोडून निघून गेला. अध्यक्ष त्याच्यामागे "अहो ऐका तरी" म्हणत गेले, पण अध्यक्षांना काय सांगायचे हे माहीतच नव्हते.

हमालाने माझ्याकडे पाहिले.

माझ्या पिशवीत पापड होता. एक वाक्य पुरे होते: दांडी मी लावली, त्याला न सांगता, आणि तो टेकला नाही याचा पुरावा हा. पण ते वाक्य म्हणायचे म्हणजे हेही सांगणे की मी त्याला शब्द देऊन मोडला आणि वर तीन दिवस सापळा लावून बसले. मुकादमासमोर, अध्यक्षांसमोर, त्याच्यासमोर. मी म्हणाले, "उद्या बोलू मुकादमाशी." आणि पिशवीची नाडी ओढली.

त्या रात्री वहीत लिहिले: "मुकादमाला सांगणे." दुसऱ्या दिवशी दसऱ्याची तयारी. दसऱ्याला टोळी ठरली. त्यात त्याचे नाव नव्हते. नाव नाही हे कळल्यावर मी स्वतःला सांगितले, आता सांगून काय उपयोग. पापड डब्यातच सादळला आणि मी तो पक्ष्यांना टाकला.

दिवाळीनंतर दोघे नवरा-बायको फौजीच्या ओळखीने खाणीच्या कामावर गेले. घराला कुलूप. भिंतीवरच्या गेरूच्या तीन खुणा मी उघड्या खिडकीतून एकदा पाहिल्या. डोक्याच्या वरच्या खुणेवर तळहाताचा तेलकट ठसा होता.

या सगळ्याला सात वर्षे झाल्यावर माझा स्वतःचा डावा खांदा आखडला. फळ्यावर वरच्या ओळीला हात पोचेना, वेणी घालता येईना. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी तपासले आणि सांगितले की आधी दुखणे ओसरू द्या, मग न हलवता जोर द्यायचा व्यायाम करा, याला आयसोमेट्रिक म्हणतात. आणि कागदावर चित्र काढून दाखवले: चौकट, काटकोनातला हात, मनगट. मी म्हणाले, मला माहीत आहे. दाबताना श्वास रोखायचा नाही, मोजत राहायचे, खूण हळूहळू वर न्यायची. डॉक्टरांनी विचारले, "कोणी शिकवलं?" मी म्हणाले, "आमच्या गावचे एक फौजी होते."

शाळेच्या मधल्या सुटीत, पोरे अंगणात असताना, मी तिसरीच्या खोलीच्या चौकटीत उभी राहायचे. बाहेरून पाहणाऱ्याला मी काहीच करत नाही असे वाटे. चपराशाने एकदा विचारले, "बाई, कोनाची वाट पाहून राहिल्या का?" न हलता काम करणाऱ्या माणसाकडे लोक कसे पाहतात हे मला तेव्हा कळले. चार महिन्यांत हात फळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत गेला.

त्याच वर्षी हमाल गावात आला. बपेऱ्याकडे कोणाच्या लग्नाला जाताना वाटेत उतरला होता. केस पिकले होते, दंड चांगले होते. खाणीवर पाटी डोक्यावर देण्या-घेण्याच्या जागी उभा राहतो म्हणाला. "तिथं कोनी इचारलं नाई. पाटी धरली, उभा राह्यलो, बस."

चहा घेताना तो म्हणाला, "बाई, येक इचारू? सुतारानं मले सांगतलं. पापडाचं."

मी कप खाली ठेवला.

"तिन्ही दिवस अख्खा होता ना?"

"अख्खा होता."

"मंग त्या दिशी काहून नाई बोलल्या?"

मी दिलेले उत्तर वहीत लिहिलेले नाही, कारण ते उत्तर नव्हते. त्याने ते ऐकून घेतले. मग उठताना म्हणाला, "काम मले आता नाई पायजे. पन मुकादमानं मले झूठा म्हनलं, चार लोकांसमोर. तेवढं त्याले सांगून टाका. तुमी सांगतलं तं तो मानते. मी सांगून का होते?"

मी हो म्हणाले.

मुकादम आता मिलवर जात नाही. गुडघे गेले आहेत. सकाळी घरासमोरच्या बाजेवर बसलेला असतो. शाळेच्या रस्त्यावरच घर. मी रोज तिथून जाते. तो म्हणतो, "रामराम बाई," मी म्हणते, "रामराम," आणि घंटा व्हायला किती मिनिटे उरली ते घड्याळात पाहते.

नवीन वर्षाची वही घेतली की मी जुन्यातली राहिलेली कामे पहिल्या पानावर उतरवते. यंदाचे पान समोर आहे. कौले फेरणे, झाले. सतरंज्या मोजणे, झाले. खांद्याचा व्यायाम, आठवड्यातून चार दिवस, चालू. चौथ्या ओळीवर लिहिले आहे: मुकादमाला सांगणे, पापड अख्खा होता. तिच्यापुढे अजून खूण नाही.